एमआरआयच्या जमान्यात जॅक्सन आणि गॉवर्स कशाला हवेत?

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे: 'सर, मेंदू आणि मणक्याचं सगळं आता एमआरआयमध्ये दिसतं. मग जॅक्सन, गॉवर्स, बाबिन्स्की ही एकोणिसाव्या शतकातली न्यूरोलॉजिस्ट मंडळी आणि त्यांच्या त्या जुन्या सोसायट्या, म्हणजे डॉक्टरांच्या संघटना, यांचा आजच्या प्रॅक्टिसवर खरंच काही परिणाम उरलाय का, की हे सगळं फक्त व्हायव्हापुरतं, तोंडी परीक्षेपुरतं आहे? आणि जाता जाता, गुडघ्यावर ठोकून बघायचा हॅमर कोणता घेऊ?'

हॅमरचं शेवटी सांगतो.

नावं पाठ नसली तर काही अडत नाही. बाबिन्स्की पॅरिसमध्ये वाढलेला पोलिश घरातला मुलगा होता, हे व्हायव्हा घेणाऱ्या किती जणांना माहीत असेल याची मला शंकाच आहे. पण परिणाम म्हणशील, तर तो आमच्या ओपीडीत इतका मुरलेला आहे की वेगळा काढून दाखवणं अवघड जातं. नेहमी येणारा एक रुग्ण घेतो, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही.

पन्नाशीचे गृहस्थ, हातात फिल्मची मोठी पिशवी. पाय जड झालेत, चालताना अडखळायला होतं. कंबरेचा एमआरआय झालेला आहे आणि त्यात चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी जराशी सरकलेली दिसते. या वयात बहुतेकांच्या कंबरेत असं काही ना काही दिसतंच. पट्टा झाला, ट्रॅक्शन झालं, गोळ्या झाल्या, कुठेतरी ऑपरेशनची तारीखही ठरली आहे. मी विचारतो, 'चप्पल पायातून निसटते का?' 'निसटते ना.' 'निसटल्याचं कळतं?' 'नाही डॉक्टर, मागून कुणीतरी हाक मारतं, काका, चप्पल राहिली.' या एका उत्तरात बरंच काही आलं. चप्पल निसटतेय हे कळतंय पण पकडता येत नाही, तर शक्ती कमी. निसटल्याचा पत्ताच नाही, तर पाय कुठे आहे ही जाणीव मेंदूपर्यंत पोहोचवणारी पाठीच्या कण्यातली मागची वाट बिघडलेली.

मग कॉटवर झोपवून गुडघ्यावर हॅमर मारला की पाय उसळतो. पाऊल झटकन वर ढकलून धरलं की घोटा थडथडत राहतो. तळव्याच्या बाहेरच्या कडेने किल्ली ओढली की अंगठा सावकाश वर येतो. आता कंबरेचा विषय संपला. मोठ्या माणसात मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या मणक्याच्या आसपास संपतो. त्याखाली असतात त्या नुसत्या नसांच्या जुड्या. त्या दबल्या तर पाय लुळे पडतात, रिफ्लेक्स, म्हणजे ठोकल्यावर आपोआप येणारी उसळी, जातात. इथे पाय ताठ आहेत, रिफ्लेक्स वाढलेले आहेत, म्हणजे दुखणं वर आहे. टाचणी घेऊन पायापासून वर वर टोचत गेलं की बेंबीच्या चार बोटं वर गृहस्थ म्हणतात, 'हां, इथे टोचलं.' मग पाठीच्या मणक्यांचा एमआरआय काढायचा. तिथे आपल्याकडे मणक्याचा टीबी निघतो, कधी एखादी साधी गाठ निघते, आणि दोन्ही बऱ्या होण्यासारख्या असतात. पहिल्या एमआरआयमध्ये काही खोट नव्हती. तो भलत्या जागेचा काढला होता, एवढंच.

या तपासणीतल्या जवळजवळ प्रत्येक पायरीला जन्मसाल आहे. गुडघ्याच्या रिफ्लेक्सचा निदानासाठी उपयोग होतो हे 1875 मध्ये अर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडलं. तळव्याच्या खुणेवर बाबिन्स्कीने फेब्रुवारी 1896 मध्ये पॅरिसच्या एका सोसायटीपुढे टिपण वाचलं, तेही जेमतेम 28 ओळींचं. आणि टाचणीने सापडलेल्या त्या 'लेव्हल'वर विश्वास टाकून चाकू लावण्याची हिंमत लंडनमध्ये जून 1887 मध्ये झाली. ती हकीकत जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे.

बेचाळीस वर्षांचा एक माणूस. डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली तीन वर्षं दुखत होतं. अनेकांनी बघितलं, अनेक नावं दिली. अखेर पाय गेले, लघवी अडली, पायांना असह्य झटके येऊ लागले. विल्यम गॉवर्सने तपासलं आणि निदान सांगितलं: मज्जारज्जूवर बाहेरून दाब आहे, गाठ असणार, आणि ती अमुक उंचीवर असणार. एक्स-रेचा शोध लागायला अजून आठ वर्षं होती. त्याने व्हिक्टर हॉर्स्ले या सर्जनला बोलावलं आणि काही तासांतच ऑपरेशन सुरू झालं. ठरल्या जागेचं हाड काढलं, तर गाठ नाही. तिथेच आवरतं घेतलं असतं तर कदाचित पुढची कित्येक वर्षं अशा गाठीला कुणी हात लावला नसता. त्यांनी आणखी वरचं हाड काढलं, आणि बदामाएवढी गाठ सापडली. वर्षभराने तो माणूस दिवसाचे सोळा तास काम करत होता.

गाठ अपेक्षेपेक्षा वर का निघाली? शेजारशेजारच्या नसांचे त्वचेवरचे इलाके एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे एक नस गेली तरी तिच्या इलाक्यात बधिरपणा येत नाही; तो खालपासून जाणवायला लागतो. शिवाय मज्जारज्जूचा एखादा भाग आणि त्याच क्रमांकाचा मणका समोरासमोर नसतात, रज्जूचा भाग वर असतो. आज मी रेसिडेंटला म्हणतो, 'लेव्हल मिळाली ना? आता एमआरआयच्या फॉर्मवर दोन मणके वरपासून लिही.' तेव्हा मी 1887 चा धडाच गिरवत असतो, त्याला ते ठाऊक नसलं तरी.

आता सोसायटीकडे येतो. लंडनची ही माणसं तिथल्या क्वीन स्क्वेअर या चौकातल्या एका हॉस्पिटलभोवती जमली होती. लकवा आणि फिट्सच्या रुग्णांना इतर हॉस्पिटलं थारा देत नसत, म्हणून चॅन्डलर कुटुंबातल्या भावंडांनी वर्गणी गोळा करून 1859 मध्ये ते स्थापन केलं. ह्युलिंग्ज जॅक्सन 1862 मध्ये तिथे आला. 1878 मध्ये त्याने डेव्हिड फेरियर, बकनिल आणि क्रायटन-ब्राउन यांच्याबरोबर 'ब्रेन' नावाचं नियतकालिक काढलं. 1886 मध्ये न्यूरोलॉजिकल सोसायटी ऑफ लंडन झाली, जॅक्सन तिचा पहिला अध्यक्ष, आणि 'ब्रेन' तिचं मुखपत्र बनलं. अमेरिकन लोक त्याआधीच पुढे गेले होते. त्यांची न्यूरोलॉजिस्टांची असोसिएशन 1875 ची. पहिला अध्यक्ष म्हणून फिलाडेल्फियाच्या वेअर मिचेल या न्यूरोलॉजिस्टला निवडलं तर त्याने नकार दिला. हे जाता जाता.

लंडनच्या मंडळींचं मला वेगळं वाटतं ते असं, की तिथे कुणी एकटा शहाणा नव्हता. 'ब्रेन' काढणाऱ्या चौघांत बकनिल आणि क्रायटन-ब्राउन हे वेड्यांच्या इस्पितळातले डॉक्टर होते, फेरियर माकडांच्या मेंदूवर प्रयोग करणारा, जॅक्सन वॉर्डात रुग्णाशेजारी बसणारा. सोसायटीत सर्जनही आले. याचं फळ सोसायटी स्थापन होण्याआधीच दिसलं होतं. 25 नोव्हेंबर 1884 ला रिकमन गॉडली या सर्जनने 25 वर्षांच्या एका स्कॉटिश शेतकऱ्याची कवटी उघडली. त्याचा फिजिशियन ह्यूज बेनेट याने फिट चेहऱ्यावरून हाताकडे कशी सरकते आणि डावा हात कसा लुळा पडत गेला यावरून गाठ मेंदूच्या कुठल्या वळीत, म्हणजे घडीत, आहे ते आधीच सांगितलं होतं. डोक्यावर बाहेरून टेंगूळ नाही, खूण नाही. गाठ तिथेच निघाली. जॅक्सन आणि फेरियर दोघंही ऑपरेशनला हजर होते. रुग्ण मात्र महिनाभरात जंतुसंसर्गाने गेला. हेही सांगायला हवं, कारण आपल्याकडे या कथा फार गुळगुळीत करून सांगतात. फेरियरवर तर 1881 मध्ये प्राण्यांच्या छळाबद्दल खटला भरला गेला होता. त्यातून तो सुटला, पण मेंदूचा कुठला भाग काय हलवतो याच्या ज्या नकाशाच्या भरवशावर ती कवटी उघडली तो नकाशा कसा तयार झाला होता, हे त्यामुळे साऱ्या लंडनला कळलं.

आधी बोलायचं, लिहून ठेवायचं, आणि मग ऑपरेशनमध्ये किंवा पोस्टमॉर्टेमला सगळ्यांसमोर काय निघतं ते बघायचं. माझ्या मते त्या पिढीचा टिकलेला वारसा हाच. जागा आधी, कारण नंतर. 'लकवा आहे, बहुतेक रक्ताची गुठळी असेल' असं म्हणणाऱ्या रेसिडेंटला आजही कुठलाही न्यूरोलॉजिस्ट मध्येच तोडतो: 'लीजन, म्हणजे इजा, कुठे आहे ते सांग आधी.' ही सवय पुस्तकातून लागत नाही. चार जाणत्या लोकांपुढे उभं राहून चूक ठरण्याची भीती लागते, आणि ती भीती सोसायटीच्या बैठकीत होती. आपल्या मेडिकल कॉलेजांतली शनिवारची क्लिनिकल मीटिंग त्याच घराण्यातली आहे.

जॅक्सनबद्दल दोन गोष्टी. पहिली, फिट. आपल्याकडे फिट आली की अजून कांदा फोडतात, चप्पल हुंगवतात, अंगात आलं म्हणतात. 1873 मध्ये, मेंदूतल्या विजेचा आलेख काढणाऱ्या ईईजीच्या कितीतरी आधी, जॅक्सनने लिहून ठेवलं की फिट म्हणजे मेंदूच्या करड्या भागातून अधूनमधून, अचानक, अति प्रमाणात आणि वेगाने होणारा स्थानिक विसर्ग. अंगठ्यापासून सुरू होऊन मनगट, कोपर, चेहरा अशी चढत जाणारी फिट तो तासन्‌तास बघत बसे. त्याच्या बायकोलाही आजारात अशाच फिट्स येत होत्या. 1876 मध्ये ती गेली. आजही नातेवाईक व्हिडिओ घेऊन येतात तेव्हा मी तो थांबवून एकच विचारतो, 'पहिल्यांदा काय हललं?' त्या उत्तरावर मेंदूची बाजू आणि वळी ठरते.

आपल्याकडे या प्रकारच्या फिटमागे पुष्कळदा काय असतं ते लंडनला माहीत नव्हतं. तरुण मुलगा, एका हाताची फिट, सीटी स्कॅनमध्ये एकच छोटी चकाकणारी गाठ. एके काळी ही सरसकट टीबीची गाठ समजून महिनोन्‌महिने टीबीच्या गोळ्या दिल्या जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या मॅथ्यू चांडी आणि वेदांतम राजशेखर यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस यातल्या गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर बऱ्याच फितकृमीच्या अळीच्या निघाल्या. कित्येक गाठी तर आपोआप विरघळतात. स्कॅनमध्ये दिसतंय त्यावर न थांबता प्रत्यक्ष ऊतक काढून खात्री करून घेणं हे जुनंच वळण आहे, फक्त त्यातून आलेलं उत्तर इथलं आहे. आणि समाजाला हे उत्तर पोहोचायला किती वेळ लागतो ते बघ: फिट्स येणं ही लग्नाला बाधा ठरवणारे शब्द हिंदू विवाह कायद्यातून 1999 मध्ये निघाले.

दुसरी गोष्ट, जॅक्सनचा एक इशारा. 1874 मध्ये त्याने म्हटलं की वाचा घालवणारी इजा कुठे आहे हे दाखवणं वेगळं आणि वाचा कुठे आहे हे दाखवणं वेगळं. 'डाव्या मेंदूची माणसं, उजव्या मेंदूची माणसं' असल्या गोष्टी विकणाऱ्या शिबिरांत हजारो रुपये फी भरून बसणाऱ्या पालकांना हे वाक्य कुणीतरी वाचून दाखवायला हवं. मेंदूचा कुठला भाग कामाला लागला ते दाखवणारा रंगीत फंक्शनल एमआरआय बघून भाळणाऱ्या आम्हा डॉक्टरांनाही.

सगळा वारसा काही निर्भेळ नाही. गॉवर्सने 1881 च्या आपल्या फिट्सवरच्या पुस्तकात असं मत मांडलं की प्रत्येक झटका पुढच्या झटक्याची वाट सोपी करतो. गॉवर्सचं वजन एवढं, की पुढच्या शंभर वर्षांत पहिल्याच फिटला गोळ्या सुरू करण्यामागे हेच कारण सांगितलं जाई. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश चाचणीत दिसलं की पहिल्याच फिटला औषध दिल्याने पुढच्या एक-दोन वर्षांतल्या फिट्स कमी होतात खऱ्या, पण दूरवरचा निकाल बदलत नाही. म्हणजे एकच फिट आलेल्या माणसाबरोबर बसून, तो रिक्षा चालवतो की दुकान, हे विचारून निर्णय घेता येतो. गॉवर्सचं निरीक्षण अव्वल होतं. पण तो पाहत होता ते क्वीन स्क्वेअरपर्यंत पोहोचलेले, म्हणजे बरे न होणारे रुग्ण. मोठ्या हॉस्पिटलात बसून आजाराबद्दल मत बनवणाऱ्या प्रत्येकाला हा धोका असतो.

आणखी एक अवगुण तिथूनच आला: न्यूरोलॉजिस्ट निदान झोकात करतो आणि उपचाराच्या वेळी हात वर करतो. तेव्हा त्यांच्याकडे फिट्सवरच्या ब्रोमाइड या औषधापलीकडे फारसं काही नव्हतं. आता गुठळी विरघळवायला साडेचार तासांची मुदत असते आणि राउंडवर लीजनची चर्चा रंगवत बसायला वेळ नसतो. लकव्याचा रुग्ण कॅज्युअल्टीत आला तर आधी सीटी, मग वाद.

पॅरिसची न्यूरोलॉजीची सोसायटी 1899 मध्ये निघाली, तिथला थोर न्यूरोलॉजिस्ट शार्को गेल्यानंतर सहा वर्षांनी. 1908 मध्ये तिथे वाचाघातावर, म्हणजे मेंदूच्या इजेने वाचा जाण्यावर, तीन बैठका झाल्या, पियर मारी एका बाजूला आणि देजेरीन दुसऱ्या. मारीचं म्हणणं होतं की ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने वाचेची जागा म्हणून दाखवलेल्या वळीचा वाचेशी काही संबंधच नाही. आज फारसं कुणी त्याची बाजू घेत नाही, पण त्याच्या हट्टामुळे जुने मेंदू पुन्हा तपासले गेले. आणि 1914 मध्ये या सोसायटीची अध्यक्ष एक बाई झाली, ऑगस्टा देजेरीन-क्लुम्पके. जन्मताना हाताच्या नसा ओढल्या गेलेल्या बाळांच्या एका प्रकारच्या लकव्याला आपण तिचंच नाव देतो.

आपल्याकडे 1951 मध्ये मद्रासला जेकब चांडी, बी. राममूर्ती, बलदेव सिंग आणि एस. टी. नरसिंहन या चौघांनी न्यूरोलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया काढली. चांडी कॅनडात पेनफिल्ड या न्यूरोसर्जनकडे शिकून 1949 मध्ये वेल्लोरला आले होते, राममूर्ती इंग्लंडमधून मद्रासला. देशभरात या विषयाची माणसं बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे फिजिशियन आणि सर्जन एकाच सतरंजीवर बसले. न्यूरोलॉजिस्टांची वेगळी अकॅडमी 1990 च्या दशकात झाली, पण जुनी सोसायटी अजून दोघांची आहे. मला ते फार योग्य वाटतं. सर्जनसमोर बोलताना फिजिशियनला जागा नेमकी सांगावी लागते, 'वर कुठेतरी' म्हणून भागत नाही.

मुंबईचं नाव घ्यायचं तर नोशीर वाडियांचं. लंडनला रसेल ब्रेन या न्यूरोलॉजिस्टच्या हाताखाली शिकून ते 1957 मध्ये परतले आणि जे. जे. हॉस्पिटलमध्ये त्यांनी न्यूरोलॉजी उभी केली. तोल जाणाऱ्या काही रुग्णांचे डोळे एका बाजूकडून दुसरीकडे फार सावकाश सरकतात, हे त्यांनी हेरलं. 'उजवीकडे बघा, आता डावीकडे' एवढीच ती तपासणी. अशी नऊ कुटुंबं जमवून सहलेखक स्वामी यांच्याबरोबर त्यांनी 1971 मध्ये 'ब्रेन'मध्ये, म्हणजे जॅक्सनच्याच नियतकालिकात, हा वेगळा आजार म्हणून मांडला. जीन सापडला 1996 मध्ये. आज तू त्याला एससीए-2 म्हणून शिकतोस. त्याच 1971 मध्ये मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ होती. त्यातल्या काहींचे पाय नंतर पोलिओसारखे लुळे पडले. डोळे आणि पाय यांचा संबंध लावला तोही वाडियांच्याच चमूने, आधीच्या आठवड्यांत काय काय झालं होतं ते नीट विचारून.

तेव्हा व्हायव्हासाठी नावं कर हवी तर. पण वॉर्डात फिल्म लाइटबॉक्सवर चढवायच्या आधी केसपेपरवर दोन ओळी लिहायला लाग: जागा कुठली आणि का. मग फिल्म बघ. तुझ्या कॉलेजात हे करायला लावणारं कुणी असेल तर त्यांच्या मागेमागे हिंड.

आता हॅमर. दुकानात मिळतो तो त्रिकोणी रबराचा छोटा हॅमर टेलरचा. वेअर मिचेलच्या हाताखालच्या टेलरने 1888 मध्ये फिलाडेल्फियात बनवलेला. गुडघ्याला चालतो, पण हलका असल्याने घोट्याला दगा देतो. लांब दांड्याचा, गोल चकतीचा तो क्वीन स्क्वेअर हॅमर. तो त्या हॉस्पिटलमधल्या मिस विंटल नावाच्या नर्सने रबरी रिंग आणि बांबूची काठी जोडून तयार केला आणि ज्युनिअर डॉक्टरांना विकला. तोच घे. दांडी टोकाला सैल धर आणि चकती तिच्या वजनाने पडू दे, ठोकू नकोस. घोट्याचा रिफ्लेक्स मिळाला नाही तर रुग्णाला खुर्चीवर गुडघे टेकवून, पावलं बाहेर लोंबकळती ठेवून पुन्हा एकदा बघ, हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला सांग, आणि मगच केसपेपरवर 'नाही' असं लिही.